सारसोळेच्या खाडीत गाळात अडकलो, होडीही फुटली : दुरुस्ती, लाइफ जॅकेट आणि भरती-ओहोटीबद्दल मदत हवी

वल्हेकरी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकी मदत मागता येणार नाही.

मी नेरुळला राहतो. मी आणि माझ्या मेहुण्याने मिळून एक जुनी फायबरची कनू घेतली. वरून पूर्ण उघडी, दोघांची, साधारण पंधरा फुटी. एका पात्याची दोन वल्ही आणि दोन नारिंगी लाइफ जॅकेट तिच्यासोबतच मिळाली. दोघांनाही पोहता येतं, तलावात चार-पाच वेळा वल्हवलंही होतं. गेल्या रविवारी, पौर्णिमेच्या तीन दिवस आधी, सकाळी साडेनऊला सारसोळे जेटीवरून खाडीत उतरलो. पाणी तिवरांच्या बुंध्यापर्यंत काठोकाठ होतं आणि वारा पाठीमागून हलका. कारावे-दिवाळेच्या दिशेने होडी जवळजवळ आपोआप जात होती. आम्हाला वाटलं, आपला हात बसला.

अकराला परत फिरलो तेव्हा सगळं उलटं झालं होतं. पाणी समोरून येत होतं आणि थोड्या वेळात वायव्येचा वाराही सुरू झाला. दहा वेळा वल्हं मारावं तेव्हा कुठे होडी दोन हात पुढे सरके. पाऊणच्या सुमारास जेटी दिसत असताना होडी गाळात बसली. मेहुण्याने उतरून ढकलायला पाय टाकला आणि तो मांडीपर्यंत आत गेला. मी वल्हं आडवं धरलं, त्याला धरून तो कसाबसा वर आला. बूट तिथेच राहिला. मग दोन तास उन्हात बसून होतो, पिण्याचं पाणी संपलेलं. शेवटी एका कोळी काकांनी मशीनच्या होडीतून दोर फेकला. आमचा दोर दहा फुटांचा, तो पुरलाच नसता. त्यांनी नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, हँडलला दोर बांधून आम्हाला ओढून काढलं आणि जेटीपर्यंत सोडलं. पैसे घेतले नाहीत.

त्या ओढाओढीत पुढचं हँडल उपटलं. जेटीच्या दगडांवर तळ घासला आणि तिथे वीतभर लांब तडा गेलाय, आतला काचेचा धागा दिसतो. तडा एम-सीलने बुजला तर चालेल का? लाइफ जॅकेट कसली घ्यावीत? आणि मुख्य म्हणजे, आमचं नेमकं कुठे चुकलं?

दर्याची लेक
दादा, आधी हे सांगते की तुम्ही दोघं होडी सोडून चालत निघाला नाहीत हे फार बरं झालं. गाळात माणूस बुडत नाही, पण अडकतो. आणि भरती परत येते तेव्हा अडकलेल्या माणसाला पळता येत नाही.

मी दिवाळ्याची. आमच्या घरी बाबांनी मला घड्याळाच्या आधी तिथी शिकवली. शुद्ध असो की वद्य, तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ मिळते. तुमचा दिवस द्वादशीचा, बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे नऊच्या सुमाराला मुंबईच्या बंदरात भरती पुरी. खाडीत आत यायला पाणी अजून वेळ घेतं, म्हणून तुम्हाला साडेनऊला काठोकाठ दिसलं. तुम्ही भरलेलं पाणी बघून उतरलात. आम्ही ते बघून म्हणतो, आता उतरायला लागेल. सरळ सहा तास ओहोटी, तीही उधाणाकडे चाललेली. अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा पाणी थोडं चढतं, थोडं उतरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मात्र मुंबईत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो, म्हणजे दोन माणूसभर पाणी होडीखालून जातं.

आणि ते सारखं उतरत नाही. पहिल्या तासात बाराव्या हिश्शाएवढंच उतरतं, दुसऱ्यात दोन हिस्से. तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी तीन हिस्से, मग पुन्हा दोन आणि एक. चार मीटर धरले तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात एकेक मीटर. तुम्ही पाऊण वाजता अडकलात, तो हाच वेळ.

नवख्याने निघायचं ते भरती चढत असताना. भरतीबरोबर वर जायचं, पाणी थांबलं की जरा थांबायचं आणि ओहोटी लागताच तिच्याबरोबर घरी यायचं. चुकून गाळात बसलात तर चढतं पाणी उचलतं, उतरतं पाणी उचलत नाही. सारसोळ्यावरून वर म्हणजे वाशीकडे, पण वाशी पुलाच्या अलीकडेच थांबा.

तिवरांचा मित्र
ताईंनी पुलाचा विषय काढला म्हणून लिहितो. ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्यामधला भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात येतो. २०१५ साली ते जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन. २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय स्वतःची होडी घालू नये. रोहित (फ्लेमिंगो) पाहायचे असतील तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून भरतीच्या वेळी वनविभागाच्याच बोटी सुटतात.

अभयारण्याच्या बाहेरही थवा दिसला तर लांबून जा. ओहोटीला गाळ उघडा पडतो तेव्हाच त्यांचं खाणं चालतं. होडी जवळ गेली की थवा उठतो आणि खाण्याचे ते मोजके तास वाया जातात. वल्ह्याचा आवाज होत नाही म्हणून पक्ष्यांना त्रास होत नाही, असा बऱ्याच जणांचा समज आहे. आवाज नसताना अचानक जवळ आलेल्या होडीने ते जास्त दचकतात, हे मी दुर्बिणीतून अनेकदा पाहिलंय.

रबाळे फायबर
तड्यावर बोलतो. माझं काम रबाळे एमआयडीसीत, टाक्या आणि बोटींचं फायबर. एम-सील लावू नका. ते फक्त वरून बसतं. होडीचा तळ दर वेळी थोडा वाकतो, एम-सील वाकत नाही. दोन फेऱ्यांत कडेने सुटेल आणि आतल्या मॅटमध्ये (काचेच्या धाग्यांच्या थरात) खारं पाणी शिरत राहील.

होडी आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. खार राहिला तर रेझिन, म्हणजे मॅट भिजवून घट्ट करणारं रसायन, धरत नाही. मग सावलीत चार दिवस वाळवा. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे तडा पुढे पळणार नाही. नंतर ग्राइंडरने तड्याभोवती उतार काढा, जाडीच्या दहा-बारा पट रुंद. तीन मिलिमीटर जाडी असेल तर प्रत्येक बाजूला तीन-साडेतीन सेंटीमीटर. लोक इथेच कंटाळा करतात आणि खड्डा भरल्यासारखं भरतात. जोड उतारावर धरतो, खड्ड्यात धरत नाही. घासताना मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. काचेची धूळ अंगाला खाजते, पण छातीत गेली तर तिला बाहेर काढता येत नाही.

मॅट चौरस मीटरला ४५० ग्रॅमची घ्या. वजनाने एक भाग मॅटला साधारण दोन-सव्वादोन भाग रेझिन. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा द्रव, रेझिनच्या शेकडा एक ते दीड, आणि अंदाजाने ओतू नका, काट्यावर मोजा. आपल्याकडच्या गरमीत पंधरा-वीस मिनिटांत डबा घट्ट होतो, म्हणून एका वेळी थोडंच कालवा. ब्रशने टोचत टोचत हवा काढा. पांढरं दिसतंय तिथे हवा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही दुकानांत रेझिन, हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) असे तीन डबे वेगवेगळे देतात. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. जमलं तर कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. नळाखाली पंधरा मिनिटं डोळा धरायचा आणि तसंच डॉक्टरकडे पळायचं.

एक विचारायचं राहिलं. हँडल उपटलं त्याच्या मागे हवेचा बंद कप्पा आहे का?

घोडबंदरकर
साधं रेझिन कशाला, इपॉक्सी जातीचं रेझिन वापरा. जुन्या फायबरवर ते जास्त घट्ट बसतं. माझ्याकडे हवा भरायची कयाक आहे, पण मित्राची फायबरची बोट आम्ही इपॉक्सी आणि मॅट लावूनच नीट केली.

रबाळे फायबर
घोडबंदरकर, इपॉक्सी जास्त धरतं हे शंभर टक्के खरं. तळाच्या तड्याला खर्च परवडत असेल तर मीही तेच म्हणेन. पण मग साधी चुरा-मॅट नको, विणलेलं काचेचं कापड घ्या. मॅटमधले तुकडे ज्या गोंदाने धरलेले असतात तो गोंद साध्या रेझिनमधल्या स्टायरीन नावाच्या द्रवात विरघळायला केलेला असतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट कडक राहते आणि वळणावर बसत नाही. तुमच्या मित्राच्या बोटीला कडेने ठोकून बघा, एखाद्या ठिकाणी पोकळ वाजेल. आणि इपॉक्सीवर नंतर साधा जेलकोट (बोटीचा बाहेरचा गुळगुळीत थर) चढवू नका, तो चिकट राहतो. त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारा.

घोडबंदरकर
ठोकून पाहिलं. नाळेजवळ रुपयाएवढी जागा पोकळ वाजतेय. पुढच्या रविवारी उघडतो. मनापासून आभार.

हवेच्या कयाकबद्दल माझा अनुभव देतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. गायमुखजवळ काठावरच्या कालवांनी (धारदार शिंपल्यांनी) माझी कयाक खालून फाडली. मी सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावलं, दोन दिवसांत पट्टी सुटली. ते रबराचं असतं, ही कयाक पीव्हीसीची. पीव्हीसीला दोन भागांत येणारा पॉलियुरेथेनचा गोंद लागतो. पट्टीचे कोपरे गोल कापायचे, फाटलेल्या जागेच्या चारी बाजूंना दोन इंच तरी जास्त घ्यायची, दोन्ही बाजूंना गोंद लावून जरा सुकू द्यायचा, मग दाबायचं आणि पूर्ण दिवस हवा भरायची नाही. रोटोमोल्डची, म्हणजे साच्यात एकसंध घडवलेली कडक प्लास्टिकची, कयाक असेल तर गोंदाचा उपयोगच नाही, त्यावर काही चिकटत नाही. तिला त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी घेऊन गरम हवेने वेल्डिंग करावं लागतं.

वल्हेकरी
रबाळेदादा, आत्ताच जाऊन पाहिलं. हँडलच्या मागे खरंच बंद कप्पा आहे. स्क्रू उपटले तिथे दोन भोकं पडलीत. होडी तिरकी केली तर आतून तांब्याभर खारं पाणी आलं! आम्हाला कल्पनाच नव्हती. आत थर्माकोल भरू का?

रबाळे फायबर
थर्माकोल नको. रेझिनमधलं स्टायरीन त्याला विरघळवतं. जिथे रेझिन लागेल तिथे थर्माकोलच्या जागी पोकळी राहील आणि तुम्हाला ते कळणारही नाही. बंद पेशींचा, पाणी न शोषणारा पीई (पॉलिइथिलीन) फोम भरा. नाही तर झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या जाळीत गच्च भरा. एक लिटर हवा साधारण एक किलो उचलते, त्यावरून हिशेब करा. फायबर स्वतः पाण्यापेक्षा जड आहे. उघडी होडी पाण्याने भरली की तिला वर ठेवतात ते हे दोन कप्पे. पुढचा कप्पा गळका असताना तुम्ही मधोमध उलटला असता तर होडी नाकावर उभी राहिली असती.

हँडल परत स्क्रूने बसवू नका. आतून जाड प्लायची पट्टी रेझिनमध्ये बसवा आणि आरपार बोल्ट घ्या, ३१६ स्टीलचे (खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या जातीचे), मोठ्या वॉशरसकट. आणि पुढे कुणी ओढणार असेल तर दोर हँडलला नाही, पूर्ण होडीच्या पोटाखालून फिरवून बांधा.

पोहणारी ठाणेकर
जॅकेटबद्दल लिहिते. मी ठाण्यात पोहायला शिकवते आणि दर उन्हाळ्यात हेच बघते. जॅकेट अंगात असतं, पण बसलेलं नसतं.

सगळे पट्टे ओढून घ्या आणि दोन्ही हात वर करा. दुसऱ्याने खांद्याला धरून जॅकेट वर ओढायचं. कानापर्यंत आलं तर ते तुमचं नाही. पाण्यात तेच होतं, जॅकेट वर तरंगतं आणि माणूस खाली सरकतो. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच.

आत शिवलेलं लेबल वाचा. ५० न्यूटन म्हणजे सुमारे पाच किलोची उचल. पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसाला ते पुरतं आणि त्यात वल्हवायला हात मोकळे राहतात. पण बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर फिरवत नाही. त्यासाठी निदान १०० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं लागतं. तुमच्या होडीसोबत आलेली जुनी नारिंगी जॅकेट दाबून बघा. आतला फोम दाबून परत फुगत नसेल, चुरचुरत असेल किंवा कापड उन्हाने विटून नखाने फाटत असेल तर ती कुणाला देऊही नका, कापून टाका. जॅकेट उशी म्हणून बसायला घेतलं की फोम मरतो. खाडीतून आल्यावर गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवा. नवीन घेतलं की कंबरेएवढ्या पाण्यात घालून गुडघे दुमडा आणि बघा, हनुवटी पाण्याबाहेर राहते का.

शिट्टी जॅकेटलाच बांधा. तीन लांब शिट्ट्या म्हणजे मदत हवी. फोन पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत, आणि पिशवी अंगाला, होडीला नाही. ११२ आहेच, समुद्रात किंवा खाडीत अडचण असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

एक आई
तुमच्या चर्चेत वेगळाच प्रश्न आणते, माफ करा. माझी मुलगी पाचवीत आहे. शाळेची सहल तलावात बोटिंगला जाणार आहे. सहलीच्या कागदावर जॅकेटबद्दल एक शब्द नाही. विचारलं तर मी उगाच घाबरणारी आई ठरेन का?

पोहणारी ठाणेकर
ताई, विचारा. नक्की विचारा, आणि लेखी विचारा. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. सगळ्यांच्या अंगात जॅकेट नव्हती. तो तलाव होता, समुद्र नव्हता. तीन गोष्टी विचारा. मुलांच्या मापाची जॅकेट प्रत्येकासाठी आहेत का, बोटीवर किती माणसांची मर्यादा लिहिली आहे, आणि सोबत दुसरी रिकामी बोट मदतीला तयार असते का. तिसऱ्याचं उत्तर नाही आलं तर मी माझ्या मुलीला बोटीत बसवणार नाही.

आणि कुणी बुडताना दिसलं तर उडी मारू नका. आधी काठी, वल्हं, दोर, रिकामा कॅन, हातात येईल ते फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढायच्या नादी लागू नका, उलटं धरू नका, त्यात वेळ जातो. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबायला लागा, ३० दाब आणि २ श्वास, रुग्णवाहिका येईपर्यंत.

एक आई
शाळेला पत्र दिलं. माझ्याखाली आणखी अकरा पालकांनी सह्या केल्या. कळवते.

वल्हेकरी
मेहुण्याच्या पायाला गाळात कालवं लागून दोन जखमा झाल्या होत्या. धुवून मलम लावलंय. एवढं पुरेल ना?

दर्याची लेक
पुरणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आजच घ्या. आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं की जखम घेऊन खाडीच्या पाण्यात उतरलो होतो. लेप्टोचा (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचा) संशय त्यांना लगेच घेता येईल. आमच्याकडे चप्पल घालून कुणी गाळात उतरत नाही, ती पहिल्या पावलाला जाते. घोट्याला बांधता येईल असा, जाड तळाचा बूट हवा.

अजून एक, खाडीत खुंट रोवून लावलेली जाळी असतात. भरतीला खुंटाचं फक्त टोक दिसतं. दोन खुंटांच्या मधून कधी जायचं नाही. वल्हं अडकतं, आणि आमचं जाळं फाटतं ते वेगळं. पुलांच्या खांबांपासून तर फारच लांब. ओहोटीचं पाणी तिथे आवळून पळतं, होडी आडवी होऊन खांबाला चिकटली की माणसाच्या जोराने सुटत नाही.

वल्हेकरी
तीन आठवड्यांनी लिहितोय. मेहुण्याने इंजेक्शन त्याच दिवशी घेतलं, तो बरा आहे, ताप नाही.

तडा इपॉक्सी आणि विणलेल्या कापडाने भरला, बाहेरून तीन थर, आतून दोन. उतार काढायला पूर्ण एक दिवस गेला. पहिला थर बसताना दोन ठिकाणी पांढरे डाग राहिले होते, ते घासून परत केले. हँडल आरपार बोल्टने बसवलं. दोन्ही कप्प्यांत फोम भरला. पाण्याची चाचणी शहापूरला मामाच्या शेततळ्यात करावी म्हणतोय.

पोहणारी ठाणेकर
शेततळं नको! कृपा करून नको. तळाला आणि उताराला प्लास्टिकचा कागद असतो, तो ओला झाला की शेवाळाने घसरतो. पट्टीचा पोहणाराही काठावर येऊन वर चढू शकत नाही. गावोगावी अशी माणसं गेलीत.

रबाळे फायबर
गळती बघायला पाण्यात जायचीच गरज नाही. होडी दोन टायरांवर ठेवा आणि आतून चार बोटं पाणी भरा, त्याहून जास्त नको, वजनाने तळ वाकेल. बाहेरून जोडावर कोरडा खडू फिरवा. पाझर असेल तिथे खडू ओला होईल. रात्रभर तशीच राहू द्या.

वल्हेकरी
रात्रभर ठेवली. खडू कोरडा. सोसायटीच्या तरणतलावात परवानगी काढून नवी जॅकेट घालून दोघंही उतरलो. मेहुण्याचं जॅकेट खांद्याला धरून ओढलं तर नाकापर्यंत आलं, बदलून लहान घेतलं.

ताई, येत्या पंचमीला निघावं म्हणतोय. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी एकला उतरून भरतीबरोबर वर जायचं आणि पाचच्या आत परत, बरोबर का? ज्या काकांनी आम्हाला काढलं त्यांचा शोध लागला, ते सारसोळ्याचेच आहेत. त्यांनाही विचारून निघणार आहोत.

दर्याची लेक
हिशेब बरोबर. एकला नको, दोनला उतरा. एकला जेटीच्या तोंडाशी गाळ उघडाच असेल. पाणी दोन लिटर प्रत्येकी. वायव्येचा वारा दुपारी येणारच, जाताना तो तोंडावर असेल, म्हणून तिवरांच्या कडेने जा, खाडीच्या मधोमध नको. हाताला थकवा वाटला की तिथूनच मागे फिरा.

काकांना सांगून निघताय हे चांगलं. किती वाजता परत येणार ते त्यांना सांगा. आणि नवा दोर घेतलात का? दहा फुटी नको, पंधरा मीटरचा आणा, तरंगणारा.